सुतारकामाचा नमुना तास

“सुतारकाम?” दातांच्या डॉक्टरांचा घास तोंडाशीच थांबला. “शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत? जीवशास्त्र सोडून?”

“ऐच्छिक विषय आहे ना बाबा? मग माझ्या इच्छेनंच घेणार,” लेक म्हणाली.

डॉक्टर सुन्न झाले. त्यांचे वडील दातांचे डॉक्टर, ते स्वतः दातांचे डॉक्टर. दवाखान्याची खुर्ची त्यांनी मनातल्या मनात लेकीच्या नावावर कधीच करून टाकली होती. आणि ही बया रंधा मारायला निघाली! त्यांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” ती म्हणाली. “शाळेनं आईबापांना नमुना तासाला बोलावलंय. आधी बघून या, मग कपाळ बडवा.”

डॉक्टर गेले ते खोड काढायलाच. प्रत्येक मुलाने आपल्या पालकाबरोबर एक छोटं स्टूल करायचं होतं. भुसा नाकात गेला म्हणून ते मनोमन खूश झाले. तक्रारीला एक मुद्दा मिळाला. तेवढ्यात लेकीने फळीला भोक पाडायला ड्रिल उचललं, तेही मुसळासारखं. ते काही डॉक्टरांना बघवेना.

“अगं, असं धरतात का? आण इकडे!”

ड्रिल हातात आलं आणि डॉक्टरांचं भान सुटलं. त्यांनी दिवा ओढून फळीवर घेतला, खाली वाकले आणि मऊ आवाजात म्हणाले, “अजिबात घाबरायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करा.”

सगळी कार्यशाळा माना वळवून बघू लागली. फळीने हात वर केला नाही. भोक मात्र असं देखणं पडलं की सुतारकामाच्या सरांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिलं.

“आता चूळ भरा,” डॉक्टर सवयीने म्हणाले, आणि हास्याचा स्फोट झाला. लेकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरांना कशाचाच पत्ता नव्हता. त्यांनी फळीची कीड कोरून काढली, भेगा भरल्या, आणि शेजारच्या पालकांच्या फळ्यांकडे बघून हाक दिली, “पुढचे या!”

घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, “काय सांगू तुला! हे पेशंट रडत नाहीत, चावत नाहीत, आणि पुढच्या खेपेला यायचं टाळतही नाहीत. सर म्हणाले, पोरीनं हा विषय घेतला तर दर शनिवारी मलाही तिच्याबरोबर येता येईल.”

दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली. डॉक्टर दारातच उभे होते.

“घेतलास विषय? शनिवारी किती वाजता निघायचं?”

“जीवशास्त्र घेतलं, बाबा.”

डॉक्टर मटकन खाली बसले. “का? कोणी जबरदस्ती केली तुझ्यावर?”

“कोणी नाही. तुम्हाला काम करताना मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. लाकडाशी इतक्या मायेनं बोलणारा माणूस घाबरलेल्या माणसांना किती आधार देत असेल! मला तसंच व्हायचंय.”

डॉक्टरांचे डोळे भरून आले. आतल्या खोलीत बायकोनेही पदर डोळ्यांना लावला. मग डॉक्टरांनी लेकीचा हात घट्ट धरला.

“ते सगळं खरं गं पोरी,” ते काकुळतीने म्हणाले, “पण माणसानं थोडं स्वतःच्या मनासारखंही जगावं. सुतारकामात काय वाईट आहे?”