गुणदोष समसमान

हरवलेली वस्तू सापडणे ही आनंदाची गोष्ट आहे, असा एक गैरसमज समाजात फार दिवसांपासून रुजलेला आहे. वस्तू हरवते तेव्हा माणसाला नुसते दुःख होते. ती सापडते तेव्हा त्याला कार्यालयात जावे लागते. मजलेकाकांची वस्तू बसमध्ये हरवली आणि दुर्दैवाने ती सापडली.

मजलेकाकांचे खरे नाव पेन्शनच्या कागदावर असेल तेवढेच. एका उंच इमारतीची लिफ्ट चालवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. “तिसरा मजला, सावकाश उतरा,” असे म्हणत त्यांनी कितीतरी लोकांना वर चढवले आणि स्वतः रोज संध्याकाळी तळमजल्यावरून निमूटपणे घर गाठले. बाहेर लोक सांगतील त्या मजल्यावर आणि घरी काकू सांगतील त्या खोलीत, असा त्यांचा संसार सरळ चालला होता. मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या.

हरवला होता तो एक जुना एमपीथ्री प्लेअर. काडेपेटीएवढा, खिशात टाकला तर खिशालाही पत्ता लागू नये असा. मुलीने पहिल्या पगारात आणून दिलेला. काकूंनी आल्या दिवशीच त्याचे नाव ‘कानातली कटकट’ असे ठेवले होते. पण अंथरुणाला खिळल्यावर त्यांना कळले की यात आवाज भरून ठेवायचीही सोय आहे, आणि मग त्यांनी तो हातातून सोडला नाही. गाण्यांच्या मधेमधे त्यांनी आपले बोलणे भरून ठेवले. आपल्यामागे हा माणूस विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही, याची त्यांना खात्री होती.

त्यामुळे काकू गेल्या तरी काकांचा दिवस विस्कटला नाही. सकाळी एक गाणे व्हायचे, मग कानात काकू म्हणायच्या, “अहो, उठलात ना? आधी पाणी प्या.” काका पाणी प्यायचे. आणखी एक गाणे व्हायचे. “गॅस बंद केलात? बघून या एकदा.” काका बघून यायचे. रडायला म्हणून निवांत वेळच मिळत नसे.

प्लेअर हरवला आणि तो वेळ मिळू लागला. मुलीने फोनवर समजूत घातली, “बाबा, मी नवीन घेऊन देते ना. आता हजारो गाणी मावतात त्यात.”

“गाण्यांचं नाही गं,” काका म्हणाले आणि थांबले. पुढे काय बोलायचे, ते प्लेअरमध्ये होते.

हरवलेल्या वस्तूंचे कार्यालय बस आगाराच्या मागच्या अंगाला होते. आत छताला टेकलेली मांडणी होती आणि तिच्यावर छत्र्या, डबे, चपलांचे जोड आणि एक कुबडी पडली होती. कुबडीचा मालक तिच्याशिवाय बसमधून उतरून कसा चालत गेला, हा प्रश्न तिथे कुणाला पडलेला दिसत नव्हता.

“वस्तू तुमचीच आहे,” खिडकीतला कारकून म्हणाला. “त्याबद्दल वादच नाही. पाठीमागे तुमचा पत्ता चिकटवलाय.”

“हिनेच चिकटवला होता तो. द्या मग.”

“काका, वस्तू आपली असणं वेगळं आणि ती परत मिळणं वेगळं. त्याआधी गुणदोष बघावे लागतात.” कारकून खिडकीतून पुढे वाकला. तो मनाने वाईट नव्हता. फक्त नोकरीला होता. “म्हणजे कसं, की गुण जास्त निघाले तर वस्तू मौल्यवान ठरते. मौल्यवान वस्तू अशी कुणालाही उचलून देता येत नाही, तिचा लिलाव होतो. दोष जास्त निघाले तर वस्तू टाकाऊ. टाकाऊ माल नागरिकाच्या गळ्यात मारणं बरं दिसत नाही, म्हणून तो आम्ही फोडतो.”

“अहो, मग परत कधी देता?”

“समसमान निघाले की. ज्या वस्तूचं कुणालाच सोयरसुतक नाही, ती मालकाला द्यायला कुणाची हरकत असणार? तुम्ही सांगत जा, मी लिहीत जातो. पण जपून हं.”

काकांनी घसा साफ केला. “लहान आहे. खिशात मावतो.”

“गुण. आणि लहान होता म्हणूनच हरवला. दोष. छान चाललंय.”

“एकदा चार्ज केला की दिवसभर बघायला नको.”

“आणि संपला की?”

“मग दिवसभर बघतच बसावं लागतं.”

“फिटंफाट. पुढे?”

“कानात घातला की समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही. हा मात्र दोषच म्हणा.”

“छे हो!” कारकून दुखावला. “आमच्याकडे हा गुण धरतात. आमच्या साहेबांची बढती याच्यावरच झाली. बघा, एक गुण वर गेला. लवकर एखादा दोष काढा.”

“डाव्या कानात जरा खरखरतो.”

“झालं! समसमान. इथे सही करा, आणि आता वस्तू हातात पडेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढू नका.”

काकांनी सही केली. कारकून कपाटाकडे वळला. एवढ्यात आतल्या दारातून साहेब रुमालाला हात पुशीत बाहेर आले आणि सहज म्हणाले, “काय आजोबा, एवढ्याशा डबीसाठी एवढी पायपीट?”

काकांनी गप्प राहायला हवे होते. पण कित्येक दिवसांत त्यांना कुणी काही आपुलकीने विचारलेच नव्हते. विचारले की माणूस बोलतो.

“साहेब, आमच्या हिचा आवाज आहे त्यात,” ते म्हणाले. “आता दुसरीकडे कुठेच नाही.”

कारकुनाने कपाळावर हात मारला.

“हा गुण लिहिलाय का?” साहेबांनी विचारले.

“नाही साहेब.”

“लिहा. आणि आवाज काय दर्जाचा आहे ते तपासावं लागेल. तोवर वस्तू इथेच.”

अशा रीतीने तपासणी सुरू झाली. एकट्याने ऐकले तर ती करमणूक होते आणि सर्वांनी मिळून ऐकले तर ते कामकाज होते, या तत्त्वाला धरून प्लेअरला भिंतीवरचा कर्णा जोडण्यात आला. सकाळी कार्यालय उघडले, सवयीप्रमाणे सगळ्यांनी टेबलावर हाताची उशी केली, एक गाणे झाले आणि कर्ण्यातून दमदार आवाज आला, “अहो, उठलात ना? आधी पाणी प्या.”

अख्खे कार्यालय ताडकन उठले आणि पाणी प्यायले. उठलोच आहोत तर काम करू, असे एकाला वाटले. त्याचे बघून दुसऱ्याला वाटले. ही साथ दुपारपर्यंत शिपायापर्यंत पोचली.

पुढे तर कहरच झाला. “दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नका, आधी आत घ्या,” असे काकू म्हणाल्या आणि रांगेतले लोक आत घेतले गेले. त्यातले दोघे घाबरून पळून गेले. “कुणी बोलत असलं की नुसती मान हलवू नका, ऐकून घ्या,” असे म्हणाल्या आणि साहेबांनी आयुष्यात प्रथमच एका नागरिकाचे वाक्य पूर्णविरामापर्यंत ऐकले. “माळ्यावरची ती खोकी एकदाची उघडा, किती वर्षं तशीच पडलीत,” यावर कर्मचारी शिड्या लावून मांडणीवर चढले. छत्र्या घरोघरी गेल्या. कुबडीवाला सापडला, तो इतकी वर्षे शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हिंडत होता.

काका चौकशीला आले तेव्हा कर्णा चालूच होता. “मफलर घेतलात का?” काकू विचारत होत्या आणि खिडकीपलीकडे चार माणसे आपापले गळे चाचपत होती. काकांचाही हात गळ्याकडे गेला. त्यांना भरून आले. त्यांना अभिमानही वाटला आणि, खोटे कशाला बोला, थोडा मत्सरही वाटला. ही विचारपूस आजवर एकट्या त्यांचीच होती.

“साहेब, आता द्या ना,” ते म्हणाले.

“आता कशी देणार, आजोबा? अहो, सगळं कार्यालय त्यांच्यावर चाललंय. गुण फार वर गेलेत.”

“लिलावात काढणार म्हणजे?”

“छे, कार्यालयाची वस्तू कोण लिलावात काढतं?”

“मग मला निदान त्याची नक्कल करून द्या.”

“जरूर! तुमचा हक्कच आहे तो. फक्त मूळ वस्तू तुमच्या ताब्यात असली पाहिजे. नसेल तर दुसऱ्याच्या वस्तूची नक्कल केल्यासारखं होईल.”

काका घरी गेले. त्या दिवशी पाणी प्यायला हवे हे त्यांना संध्याकाळी आठवले.

आता यात खरे तर सगळ्यांचेच बरे चालले होते, एक काका सोडले तर. पण चांगल्या कामाला दृष्ट लागते म्हणतात ती अशी. वरच्या कार्यालयातून तपासनीस आला. त्याने पाहिले की बाकावर कुणी बसलेले नाही, खिडकीवर कुणी ओरडत नाही, मांडणी तर धुतल्यासारखी रिकामी आहे. त्याने शेरा मारला: ‘येथे काम नाही. पदे अर्ध्यावर आणावीत.’

साहेबांना घाम फुटला. आजवर कधी सुचली नव्हती ती अक्कल त्यांना दुपारच्या आत सुचली. त्यांनी दार लावून घेतले आणि काकूंचे सगळे बोलणे पहिल्यापासून ऐकायला घेतले. पाणी प्या, खोकी उघडा, ऐकून घ्या... एकेका वाक्यावर त्यांच्या कार्यालयातले एकेक पद जात होते. शेवटी एक वाक्य असे सापडले की साहेबांनी खुर्चीतच हात जोडले. काका दमूनभागून घरी येत तेव्हा काकू जे म्हणायच्या ते: “घाई काय आहे? बसा जरा निवांत. होईल सगळं.”

तेवढे वाक्य कर्ण्यासाठी काढून घेण्यात आले. उरलेला मजकूर कर्मचाऱ्यांच्या भवितव्याला हानिकारक म्हणून पुसून टाकण्यात आला. त्यात गाणीही गेली, कारण गाण्यांच्या तालावर कुणी भराभर काम केले असते.

कार्यालय आठवडाभरात सुधारले. बाक भरले. रांग दारातून आगारापर्यंत गेली. कुणी खिडकीवर आवाज चढवलाच, तर कारकून बटण दाबत असे आणि वरून मायेने शब्द येत, “घाई काय आहे? बसा जरा निवांत.” माणूस विरघळून बसत असे. आपल्या आईचे म्हणणे मोडावे तसे ते मोडणे जिवावर येई. तपासनीस परत आला, गर्दी पाहून हरखला आणि त्याने पदे दुप्पट करून दिली.

मग काकांना बोलावणे आले.

“अभिनंदन, काका!” कारकुनाने प्लेअर त्यांच्या हातावर ठेवला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. “समसमान झालं! घेऊन जा तुमची वस्तू.”

काकांनी इयरफोनची दोन बोंडे कानात घातली आणि बटण दाबले. त्यांनी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. डाव्या कानात जरा खरखर ऐकू आली.

“अहो, हा रिकामा आहे.”

“म्हणून तर,” कारकून समजावत म्हणाला. “गुण शून्य, दोष शून्य. इतकं स्वच्छ समसमान मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.”

“ती कुठे गेली?” काकांनी विचारले. एवढा मोठा आवाज त्यांनी लिफ्टमध्येही कधी काढला नव्हता. “माझी बायको कुठे गेली?”

रांगेतले लोक वळून बघू लागले. कारकून भांबावला आणि भांबावल्यावर जे करायचे ते त्याने केले. त्याने बटण दाबले.

“घाई काय आहे?” वरून काकू म्हणाल्या. “बसा जरा निवांत. होईल सगळं.”

काका बसले.

ते अजून बसलेले आहेत. ती सोय आता सगळ्याच कार्यालयांनी मागवून घेतली आहे. पण मूळ कर्ण्यात खरखर कमी आहे म्हणून काका तिथेच येतात. सकाळी खिडकी उघडण्याआधी येतात आणि बाकाच्या टोकाला डोळे मिटून बसतात. कुणी बराच वेळ ओरडले नाही तर ते अस्वस्थ होतात.

तुम्हीही त्यांना पाहिलेले आहे. तुम्ही त्याच बाकावर त्यांना खेटून बसला होता आणि हा म्हातारा रांग पुढे सरकली तरी उठत का नाही, म्हणून वैतागला होता. मधे एकदा त्यांनी तुमच्याकडे वळून, हसून म्हटलेदेखील, “आमची ही आहे, बरं का.” पण तुमच्या कानात तुमची गाणी चालू होती. तुम्ही नुसती मान हलवलीत.