कप्तान उदाजीचा न गिळलेला विडा

एका जंगलात, बाळांनो, चक्क समुद्र होता. नाकं मुरडू नका. गोष्ट माझी आहे, समुद्र कुठे ठेवायचा ते मी ठरवणार.

समुद्र आला म्हणजे आरमार आलं. बांबूचे तराफे, त्यांवर ससे खलाशी, आणि सगळ्यांवर कप्तान उदाजी. उदाजी जातीचा पाणमांजर. करड्या शिस्तीचा, रोज मिशा विंचरणारा. सशांना मात्र पोहता येत नव्हतं. मग त्यांना आरमारात घेतलं कशाला, असं विचारू नका. सरकारी भरती होती.

तराफ्यांना बांबू पुरवायचा राजाचा मेहुणा. मेहुण्याच्या प्रत्येक बांबूला भुंगा लागलेला. भर समुद्रात तराफा मोडायचा. जमतील तेवढे ससे पाठीवर घेऊन उदाजी पोहत काठाला यायचा. उरलेल्यांसाठी राजा गेंडा दुखवटा पाळायचा. दुखवट्याला सगळ्यांत मोठ्यानं मेहुणाच रडायचा.

एक दिवस उदाजीचं डोकं फिरलं.

"बंड!" तो गरजला.

"कुठे करायचं, साहेब?" सुकाणू धरणाऱ्या धाकलू सशानं विचारलं.

"सगळे दरबारी जेवतात तिथे."

ती जागा म्हणजे बगळीणकाकूंची खानावळ. उदाजी आणि त्याचे ससे भाले परजत दारात आले.

"बंड करा बापडे," काकू म्हणाल्या, "पण पाय पुसून आत या. आत्ताच सारवलंय."

आरमाराची शिस्त ती. सगळ्यांनी पाय पुसले आणि मग खानावळ ताब्यात घेतली.

बातमीसाठी कावळे जमले. उदाजी पोटतिडकीनं तराफ्यांबद्दल बोलला. कावळ्यांनी मिशांना कुठलं तेल लावता ते विचारलं. संध्याकाळी राजानं हत्ती पाठवला. हत्ती दाराला नुसता टेकला तर काकूंनी हंबरडा फोडला, "अरे, माझं दार!" दुसऱ्याच्या दाराचं नुकसान नको, म्हणून उदाजीनं बंड मागे घेतलं. इतकं सभ्य बंड त्या जंगलात पुन्हा झालं नाही.

त्याला पिंजऱ्यात टाकलं. पिंजऱ्याचे बांबूही मेहुण्याचेच. एक शेपटी मारली असती तरी पिंजरा कोसळला असता. पण कैदेतून पळणं अधिकाऱ्याला शोभत नाही. बिचारा शिंकतानासुद्धा जपून शिंकायचा.

तेवढ्यात सभेची निवडणूक आली. उदाजी पिंजऱ्यातूनच उभा राहिला आणि भरघोस मतांनी निवडून आला.

"याला का मत दिलंत, आजी?" कावळ्यानं एका म्हशीला विचारलं.

"बाकीच्यांना निवडून आल्यावर आत टाकावं लागतं रे," म्हैस म्हणाली. "हा आधीच आत आहे. तेवढीच धावपळ वाचली."

पुढे गेंडा गेला आणि सांबर गादीवर बसलं. स्वभावानं मवाळ. त्यानं उदाजीला माफी दिली. माफीची तिथली रीत अशी, की राजानं भर दरबारात विडा द्यायचा आणि अपराध्यानं तो चावून गिळायचा. उदाजीचा जन्म गेला मासे खाण्यात. त्यानं विडा गालात धरला, मुजरा केला आणि बाहेर जाऊन झुडपाआड थुंकला. त्याला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

सभेत तो रोज तराफ्यांवर बोले. सभासद बाकं बडवत आणि जेवायला जात. राजा बदलला होता, म्हणजे मेहुणाही बदलला होता. बांबू तेच होते.

मग आला राजा रानडुक्कर. त्याला कोणी बोललेलं सोसत नसे, आणि उदाजी तर तोंडावर बोले.

"याची माफी तपासा," राजा गुरगुरला.

एका कावळ्याला झुडपाआडचं नेमकं आठवलं. विडा गिळलाच नाही! म्हणजे माफी झालीच नाही! धरा त्याला!

पण सभागृहात शिपायांनी शिरायचं नाही, अशीही एक रीत होती. उदाजी तिथेच मुक्कामाला राहिला. बाहेर पायऱ्यांवर रानकुत्रे दबा धरून बसले. आणि सगळं जंगल विड्यावर भांडू लागलं. रस गिळला आणि चोथा थुंकला तर माफी किती? कात जास्त झाला असेल तर दोष कुणाचा? वैद्यबुवा कासव म्हणाले, जीभ पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. आपल्याकडे अशा चर्चेला कोणी कंटाळत नाही, तिथेही कंटाळलं नाही.

अशात एका दुपारी धाकलू ससा पायऱ्यांशी धावत आला. मोडक्या बांबूला धरून कसाबसा काठाला लागला होता, अंगातून पाणी निथळत होतं.

"साहेब, तराफा मोडला! पोरं खडकाला धरून आहेत. भरती येतेय!"

पायरी उतरली की आपण संपलो, हे उदाजीला ठाऊक होतं. एरवी फार विचार करणारा तो, त्या दिवशी त्यानं केला नाही. सरळ उडी टाकली. मला तो इथे फार आवडतो.

रानकुत्र्यांनी त्याला वरच्यावर धरलं.

"सोडा! पोरांना काढतो आणि माझ्या पायांनी परत येतो. शब्द देतो!"

"आधी आ करा," त्यांचा नाईक म्हणाला. "वैद्यबुवांना जीभ बघायचीय."

वैद्यबुवांना निरोप गेला. ते लगेच निघाले. पण कासवच ते.

धाकलू दिसेल त्याच्या पाया पडत होता. शेवटी कावळ्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. त्याला वाटलं, विचारलं बाबा कोणीतरी.

"तुम्ही कप्तानांच्या जवळचे ना?" एक कावळा म्हणाला. "मग खरं सांगा, विडा गिळला होता की थुंकला होता?"

धाकलूनं वळून समुद्राकडे पाहिलं. खडक आता दिसत नव्हता.

तात्पर्य : बाळांनो, पान खायची सवय लहानपणीच लावून घ्या, मोठेपणी माफीच्या कामी येते. पोहायला नाही शिकलात तरी चालेल. बुडणाऱ्याची जीभ कोणी तपासत नाही.