शिकऱ्याच्या डोळ्याचा रंग

आंजीला, आमच्या गावी, बाबांचं काम वर्षातून चार महिन्यांचं. जिनिंग सुरू झालं की कापसाच्या गाठी उचलायचे, बंद झालं की घरी बसायचे. उरलेले आठ महिने आईच्या कोंबड्या आम्हाला पोसायच्या. माझं दप्तर, गणवेश, परीक्षेचा फॉर्म, सगळं अंड्यांतून आणि पिल्लांतून निघालं. त्यामुळे अंगणातलं एखादं पिल्लू वरून कोणी उचललं, की आमच्याकडे त्या दिवशी चूल पेटवायचंही कोणाच्या मनात नसायचं.

मी चौथीत असताना भरदुपारी असंच झालं. आई हातात दगड घेऊन कडुनिंबाकडे ओरडत होती, मी रडत होते, आणि शेजारचे देविदासकाका कुंपण ओलांडून धावत आले. आम्हाला वाटलं, मदतीला आले. त्यांनी खिशातून वही काढली, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि आईला विचारलं,

“वहिनी, डोया पिवया होता का लाल?”

आई म्हणाली, “भाऊजी, माह्यं पिल्लू गेलं.”

“ते दिसूनच राह्यलं. मी त्याच्या डोयाचं इचारून राह्यलो.”

आईच्या हातात तेव्हा चांगला मुठीएवढा दगड होता. तो तिने काकांना मारला नाही, याचं श्रेय मी तिच्या संस्कारांना देते.

देविदासकाका वीज खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबांवर गेला, आणि खांबांवर शिकारी पक्षी बसतात, एवढीच त्यांच्या वेडाची सुरुवात. कोणी शिकवलं नाही, पुस्तक पुष्कळ उशिरा हाती आलं. शिक्रा, तिसा, कापशी, मोरघार, भोवत्या, ससाणा, कोण कुठल्या खांबावर कोणत्या महिन्यात बसतो हे त्यांना पाठ. गावात नवीन माणसाने पत्ता विचारला तर काका सांगायचे, “कापशीच्या खांबापासून डाव्या हाताले वयजो. पुढं तिसा बसते, त्याच्या समोरचं घर.” मग पाहुणा अर्धा तास गल्लीत फिरायचा, कारण तिसा तेवढ्यात उडून गेलेला असायचा. काकांच्या मते चूक पाहुण्याची. “थांबाचं ना बावा. तो येतेच परत.”

त्यांचा एक नियम होता. बसलेल्या पक्ष्याला नाव द्यायचं नाही. “बसलेला कोणीबी साधा दिसते. उडताना पाह्यला का?” उडताना शेपूट कशी पसरली, पंख सरळ धरले की वर उचलले, हे पाहिल्याशिवाय ते वहीत नाव लिहीत नसत. आणि खात्री नसेल तर स्वच्छ अक्षरात लिहीत, “नाई माहीत.” वहीची कित्येक पानं अशी. एकदा वर्ध्याहून मोठमोठे कॅमेरे घेऊन चार जण आले. माळावरून काहीतरी सणकन गेलं आणि एक जण म्हणाला, “काका, हा नक्की शाही ससाणा.” काका म्हणाले, “तुमच्या वहीत लिहा. माह्या वहीत तो ‘नाई माहीत’ हाय.”

नोकरीतही हाच कारभार. एकदा संध्याकाळी गावाची लाइन तासभर बंद. सगळे टीव्हीसमोर बसलेले, क्रिकेटची शेवटची षटकं. लोक शिव्या देत डीपीपाशी गेले तर काका खांबावर. वरच्या आडव्या लोखंडावर कापशीचं नुकतंच घरट्यातून निघालेलं पोर बसलेलं, तारेच्या अगदी जवळ, आणि त्याला पुढे कुठे जायचं ते समजत नव्हतं. ते उडेपर्यंत काकांनी लाइन सुरू केली नाही. साहेबांनी लेखी खुलासा मागवला. काकांनी लिहून दिलं, “खांबावर कापशी होती. वय लहान. उडताना पाहिली नव्हती, म्हणून थांबलो.” तो कागद बरीच वर्षं कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवला जात असे.

रुखमाकाकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, “मले पाहाले आले तईही हे खिडकीतून भायेरच पाहून राह्यले होते. माह्या बापानं इचारलं, पोरगी पसंत हाय का? हे म्हणते, तुमच्या चिंचेवर जोडी हाय. बापाले वाटलं, जोडी जमली.” त्यांना मूलबाळ झालं नाही. काकूंच्या बोलण्यात ते कधी येत नसे, काकांच्याही नाही.

तर आमची पिल्लं. त्या दुपारनंतर काका तीन दिवस आमच्या कडुनिंबाखाली बाज टाकून बसले. चौथ्या दिवशी निकाल दिला. “वहिनी, वरचा चोर शिक्रा. त्यानं एकच पिल्लू नेलं. बाकीचे मुंगसानं नेले, तुमच्या कुटाराच्या ढिगामागं भोक हाय. अन् तुमी दगड मारता तो तिसा. तो बिचारा टोळ अन् उंदरं खाते.” आईला पटलं नाही, पण तिने भुशाच्या ढिगामागचं भोक बुजवलं. शिक्रा पोरांना भरवतो तेवढे दिवस पिल्लं सकाळी डाल्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली ठेवली. त्या हंगामात एकही पिल्लू गेलं नाही. पुढेही फारशी गेली नाहीत. मी दहावी झाले, बारावी झाले, बसने वर्ध्याला कॉलेजात जाऊन बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणालाही सांगते, न विचारता सांगते, आणि त्यात देविदासकाकांची तीन दिवसांची बाज मोजते.

माझ्या लग्नाचं पहिलं स्थळ त्यांनीच मोडलं. मुलगा पाहायला आला, शांत, खाली मान. सगळे खूश. काका म्हणाले, “बसलेला पाह्यला. उडताना कोणी पाह्यला?” आणि ते मुलाच्या चुलतभावाच्या लग्नाला, न बोलावता, नाचणगावला जाऊन आले. तिथे त्या शांत मुलाने पंगतीत वाढप्याच्या अंगावर ताट फेकलेलं त्यांनी पाहिलं. परत येऊन एवढंच म्हणाले, “पंख लय पसरते.”

मग मी स्पर्धा परीक्षेला बसले, पास झाले, आणि मला नेमणूक मिळाली ती थेट कोकणात, समुद्रकाठच्या एका तालुक्याला, तहसील कार्यालयात. आई रडली. बाबांनी पेढे वाटले. काका म्हणाले, “समुद्रावर पांढऱ्या पोटाचा गरुड असते. म्या उभ्या जल्मात नाई पाह्यला. पाह्यला की फोन करजो.”

तेव्हापासून संध्याकाळी सातला माझा फोन. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, “काका, घारीसारखं काहीतरी दिसलं.”

“घारीसारखं म्हणजे? तू बी.ए. झाली ना?”

मला शेपट्या पाहणं भाग पडलं. ऑफिस सुटलं की मी खाडीवर जायची आणि पाठ करत यायची. अंग विटकरी, डोकं पांढरं, शेपूट गोल, म्हणजे ब्राह्मणी घार. पाठ राखाडी, पोट पांढरंशुभ्र, शेपूट पाचरीसारखी, पंख उचलून इंग्रजी व्ही करतो, म्हणजे समुद्रगरुड. तो मला तिसऱ्या महिन्यात दिसला. मी मोबाइलवर फोटो काढून पाठवला. काका म्हणाले, “फोटो कोणाले पाह्यजे? तू सांग.” मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन वर्षं एक दिवस चुकला नाही. काका तापात होते तेव्हासुद्धा त्यांनी विचारलं, “आज कोणता?”

मग एका दुपारी रुखमाकाकूंचा फोन आला. हळू आवाजात, म्हणजे काका घरात होते. “सुनी, याइच्या दोन्ही डोयात मोतीबिंदू हाय. डॉक्टर म्हणते, पिकला, आता थांबू नोका. सेवाग्रामले दोनदा नेलं. एकदा रांगेतून उठून आले, झाडावर काईतरी बोललं म्हणे. दुसऱ्यांदा खाटीवरून उठून आले. तू सांग बाई. दिसनं गेलं तं हा माणूस मरन.”

संध्याकाळी मी काकांना विचारलं. उत्तर तयार होतं. “आपरेशननं रंग बदलते म्हणे. एकाचं झालं, तो म्हणते, आता सगळं निळं-पांढरं दिसते. मंग माह्यी चाळीस वर्षांची वही खोटी होईन का नाई? डोया पिवया का लाल, त्याच्यावरच तं सगळं हाय.”

मग मी सौदा केला. आधी इथे या, समुद्रगरुड पाहा, मग ऑपरेशन. काका म्हणाले, “येतो. इचार करतो.” आधी येणं ठरलं, विचार नंतर.

दिवाळीनंतर दोघं आले. सकाळी मी त्यांना किनाऱ्यावर नेलं. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि म्हणाल्या, “लय पानी वाया चाललं.” सुरूच्या झाडाच्या शेंड्यावर समुद्रगरुड बसला होता, एवढा मोठा आणि एवढा जवळ, की मलाही तसा पुन्हा दिसला नाही. मी बोट दाखवलं. काकांनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि बराच वेळ पाहिलं.

“ब्राह्मणी,” ते म्हणाले.

ज्या माणसाने वह्याच्या वह्या “नाई माहीत”ने भरल्या, तो बसलेल्या पक्ष्याला नाव देत होता, आणि चुकीचं देत होता. तेवढ्यात गरुड उडाला, पंख वर उचलून आमच्या डोक्यावरून खाडीकडे गेला. काका अजून झाडाच्या शेंड्याकडेच पाहत होते.

मी म्हटलं, “काका, उडताना पाह्यला का?”

ते वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीच्या कडेला बसले. “बसलेलाबी नाई पाह्यला.”

काकू म्हणाल्या, “घरी भाजीत मीठ टाकलं का साखर ते दिसत नाई, अन् इथं नावं ठेवून राह्यले. दोन वर्सं झाले, सुनी. रोज माळावर जाते, बकऱ्यावाल्याले इचारते, त्या खांबावर कोण हाय रे? अन् येऊन मले सांगते, कापशी पाह्यली.”

“काका, मंग ऑपरेशन काऊन नाई करत? रंगाचं कारण राहू द्या. खरं सांगा.”

काका वाळूत चपलेने रेघा ओढत राहिले. बोलले ते समुद्राकडे तोंड करून. “तू सात वाजता सांगते ना मले. आज हे दिसलं, शेपूट अशी होती, पंख असे होते. तेच माह्ये डोये हाय आता. आपरेशन झालं, मले दिसाले लागलं, तं काहाले फोन करशील? तुह्या मागं कामं हाय, उद्या लगन होईन. मंग सात वाजता मी काय करू?”

रुखमाकाकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांनाही हे माहीत नव्हतं. सातच्या ज्या फोनला मी दोन वर्षं काकांचा हट्ट समजत होते, ती त्यांची संध्याकाळ होती.

मी बी.ए. आहे, तहसील कार्यालयात दिवसभर लोकांना उत्तरं देते. तरी मी आधी काकांच्या शेजारी होडीच्या कडेला बसले. मी म्हटलं, “काका, दोन वर्षं मी सांगितलं, तुमी ऐकलं. डोये झाले की तुमी सांगजा, मी ऐकीन. मले इथं आंजीचं कोण सांगते?”

“हे माह्या ध्यानातच नाई आलं,” काका म्हणाले. मग खिशातून वही काढून माझ्या हातात दिली. “लिही. समुद्रगरुड. पाठ कशी होती?” मी सगळं सांगितलं, ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “खाली लिही, सुनीनं पाह्यला.”

पुढच्याच महिन्यात सेवाग्रामला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी रजा टाकून गेले होते. या वेळी काका रांगेतून उठले नाहीत, कारण एका बाजूला मी बसले होते आणि दुसऱ्या बाजूला काकू, आणि त्यांची चप्पल काकूंच्या पिशवीत होती. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू लय पिकली वो.” काकू म्हणाल्या, “तुमीच उशीर केला.”

रंग खरंच थोडे बदलले. घरी आल्यावर काकांनी दोन आठवडे डॉक्टरांचे नियम पाळले, मग कडुनिंबाखाली बाज टाकली आणि जुन्या वह्या घेऊन बसले. शिकऱ्याच्या नराचा डोळा त्यांनी लाल लिहिला होता, तो आता त्यांना आणखी लाल दिसला. खोडावं असं काही निघालं नाही.

जानेवारीत दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नीट पार पडलं. देविदासकाकांना आता दोन्ही डोळ्यांनी दिसतं, आणि रोज संध्याकाळी सातला फोन तेच करतात.