उस्ताद आणि चौथं अंडं

माझ्या नर कॅनरीने चार अंडी घातली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. आपण शांतपणे पहिल्यापासून सुरुवात करू.

तर, कॅनरीतला नर ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! या पिवळ्या पक्ष्यांत नर काय आणि मादी काय, एकाच लिंबाच्या दोन फोडी. भले भले गोंधळतात. मी गोंधळत नाही. मला नियम पाठ आहे: नर गातो, मादी नुसती चिवचिवते. संपलं!

या ज्ञानाच्या जोरावर मी दोन कॅनरी आणून ताईच्या बाल्कनीत टांगल्या. नोकरी लागेपर्यंत मी ताईकडे राहतो. घर तिचं, भाडं भावजींचं आणि कल्पना माझ्या, अशी आमची रीतसर वाटणी आहे.

"नर-मादीच आहेत ना नक्की?" ताईने विचारलं. "दुकानदार काय म्हणाला?"

"म्हणाला, दोन न्या, एक तरी नर निघेलच."

"हे काय उत्तर झालं?"

"ताई, हे संख्याशास्त्र आहे."

ताई संख्याशास्त्राला घाबरत नाही. "उन्हाळा संपायच्या आत पिल्लू दिसलं तर ठीक," ती म्हणाली. "नाहीतर पिंजरा दुकानात आणि तू वसतिगृहात!"

वसतिगृह मी बघून आलोय. तिथल्या गादीपेक्षा माझ्या पिंजऱ्यातल्या घरट्याचा कापूस जाड आहे. मी कंबर कसली.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गाणं सुरू झालं! मी बाहेरच्या खोलीत पांघरुणात होतो. बाल्कनीत ताईचं कपडे धुण्याचं मशीन घरघरत होतं. त्या घरघरीवरून एक बारीक, थरथरती तान निघाली, चढत चढत टिपेला गेली आणि मशीन थांबताक्षणी अचूक थांबली. अंगावर काटा आला! धावत जाऊन बघतो, तर एक पक्षी दाणे टिपत होता आणि दुसरा मैफल मारून दमल्यासारखा मान ताठ करून बसला होता. त्याचं नाव ठेवलं उस्ताद. दाणे टिपणारी ती बाईसाहेब.

उस्तादचा रियाज कडक. ताईने मशीन लावलं की हा सुरू! चादरी धुवायच्या दिवशी दोन मैफिली!

"मशीनचा सूर त्याला तंबोऱ्यासारखा वाटतो," मी भावजींना समजावलं.

"वाटू दे हो मेहुणेबुवा," गालावरचं रक्त पुसत भावजी म्हणाले, "पण मला दाढी करताना दचकायला होतं."

मग घरट्यात अंडी दिसली. मी जिन्यातल्या प्रत्येक दारावर जाऊन ही बातमी दिली. पण त्याच आठवड्यात ताईने मशीनवाल्याला बोलावलं. त्याने खालचं एक बेअरिंग बदललं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून उस्ताद गप्प!

"आवाज का बंद झाला रे त्याचा?" ताईने विचारलं.

"बाप होणार आहे तो. जबाबदारी आली की माणूस गंभीर होतो."

"तुला कधी येणार ती?"

मी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. उस्ताद तर आता स्वतः अंड्यांवर बसायला लागला होता. बाईसाहेब इकडून, तो तिकडून, एका घरट्यात खेटून! असा नवरा कुठे बघायला मिळतो? ताईने भावजींकडे एकदा नीट बघूनही घेतलं. अंडी सात झाली.

"एकटीने सात?" ताई.

"जात चांगली आहे."

दिवस उलटत गेले. पिल्लाचा पत्ता नाही. टॉवेलखाली अंडं धरून बॅटरी लावली, तर आत काहीच नाही, नुसता पिवळा बल्ब! ताई वसतिगृहाचा फोन नंबर मोठ्याने पाठ करू लागली. शेवटी मी अंतिम तपासणी जाहीर केली. पक्षी हातात उताणा धरायचा, पोटावर फुंकर मारायची, पिसं बाजूला झाली की नर-मादी कळतं. पकडायला भावजी, फुंकायला मी, शंका घ्यायला ताई.

मी अशी फुंकर मारली की दाण्यांची सगळी टरफलं ताईच्या केसांत!

"हळू रे! काय चूल पेटवतोयस का?"

"भावजी, घट्ट धरा, तो घाबरलाय."

"धरलंय हो. पण..." भावजी एकदम पुतळ्यासारखे झाले. "मेहुणेबुवा, तुमच्या नराने माझ्या हातावर काहीतरी ठेवलंय."

अंडं होतं. कोमट. आधीच्या सातांतली चार बाईसाहेबांची धरली, तर हे उस्तादचं चौथं!

"मग इतके दिवस गात कोण होतं?" भावजींनी विचारलं.

ताईने सावकाश मान वळवली. आम्हीही वळवली. नवीन बेअरिंगवर मशीन बिनआवाज फिरत होतं.

मी त्याच पावली मशीनवाल्याकडे गेलो. जुनं बेअरिंग भंगारात गेलं होतं. परत आलो तेव्हा ताई पिंजऱ्यात पाणी भरत होती.

"दोघी राहतील," ती म्हणाली. "मला सवय झालीय त्यांची."

"आणि मी?"

"तुझी बॅग भावजींनी भरलीय."

सबब, घराच्या मालकीणबाईंना वसतिगृहाच्या खोलीतून सविनय विनंती की, सदर मशीनला मागील तारखेपासून नर म्हणून मान्यता देण्यात यावी, त्याचे जुने बेअरिंग शोधून पूर्ववत बसवण्यात यावे, आणि त्यापासून पिल्लू होईपर्यंत अर्जदारास मुदतवाढ मंजूर व्हावी. इथली गादी सोबत आणण्याची अर्जदाराची तयारी नाही.