शामरावदादांची खूण

पुढच्या ट्रॅक्टरवाल्याने ‘या पुढे’ म्हणून हात केला, की शामरावदादा आपली जीप आणखी हळू करायचे. दिंद्रुड ते परळी त्यांची पॅसेंजर जीप होती. हंगामात रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. पुढचा हात करतो, मागचा बिनधास्त निघतो. सगळे असेच चालवतात, दादा सोडून.

“हात कुणीबी हलवतंय. हलवणारा कोण हाय, ते कळाया नको?” असं म्हणत ते उसामागे रांगत राहायचे. रेल्वे चुकली म्हणून पॅसेंजर शिव्या घालत. दादा मागे वळून शांतपणे विचारत, तुम्ही वळखता का त्याला?

मी हंगामात ट्रॅक्टर चालवायचो. माझ्या एकट्यावर त्यांचा भरवसा. पण भाऱ्यांआड ड्रायव्हर दिसत नाही, म्हणून त्यांनी आमची खूण ठरवली. एका आठवड्यात दोन आखूड हॉर्न आणि बाहेर काढलेली मूठ, पुढच्यात एक लांब हॉर्न आणि हातात रुमाल. दर सोमवारी घरी येऊन नवी खूण सांगायचे, तीही माझ्या बायकोला बाहेर काढून, दार लावून. मला हसू आवरत नसे.

ते हसू मी चहाच्या टपरीवर नेलं. एका सोमवारी तिथल्या ड्रायव्हरांना अख्खी खूण करून दाखवली, दादांच्या आवाजात. लोक पोट धरून हसले. दोन दिवसांनी एका ट्रॅक्टरवाल्याने गंमत म्हणून दादांना तीच खूण केली. पुढे न बघताच. दादांना वाटलं, मीच. त्यांनी जीप जोरात काढली आणि समोर एसटी.

जीप शेतात उलटली. पॅसेंजर नव्हते, एवढंच नशीब. दादांचा उजवा पाय कायमचा आखडला आणि जीप विकावी लागली.

सगळं कबूल करायचं ठरवूनच मी भेटायला गेलो. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “खूण फुटली रे. तुज्याबिगर कुणाला सांगितली न्हवती. म्हंजी मीच झोपंत बरळलो आसंल.”

वहिनी गेल्यापासून दादा त्या घरात एकटेच असतात. झोपेतलं बरळणं ऐकायला तिथे कुणीही नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

लाज वाटते सांगायला, पण मी म्हणालो, “आसंल, दादा.”