तोंडातला घास

भोईरकाका चालू कॉम्प्युटरसमोर शिंकत नसत. शिंक आलीच तर नाक दाबून बाहेर जात, चपला घालत, अंगणात शिंकत आणि चपला काढून परत येत. आत काम चाललंय, एवढंच कारण.

घरातला पहिला पदवीधर म्हणून मी शहापूरच्या एका खाजगी कॉम्प्युटर सेंटरात नुकताच चिकटलो होतो. शहापूर-मुरबाडकडच्या गावांचे सात-बारा आम्ही टाइप करायचो. मग एक प्रोग्राम एकेक गाव तपासून मुख्य यादीत चढवायचा. हे दोन-दोन दिवस आपोआप चालायचं. राखणीला भोईरकाका. त्याआधी वीस वर्षं त्यांनी मुरबाडला भाताची गिरणी चालवली होती.

कॉम्प्युटर चालू करायला मला कॉलेजानं शिकवलं. बंद करायला काकांनी. "वरून भात टाकायचा थांबव. आतला सरू दे. मंग मशीन बंद." म्हणजे रांगेतली गावं दुसऱ्या फोल्डरात हलवायची, हातातलं गाव पुरं होऊ द्यायचं, त्याचं नाव वहीत लिहायचं, मग थांबवायचं. मध्येच तोडलं तर अर्धे खातेदार यादीत, अर्धे गायब. "तोंडात घास असलेल्याला पानावरून उठवतात काय रे?" हे दिवसातून दहादा.

माणसांनाही ते हाच न्याय लावत. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प. त्यामुळे एक विमा एजंट रोज यायचा.

एके दिवशी वीज अकराला जाणार, असा निरोप पावणेअकराला आला. प्रोग्रामच्या हातात मुरबाडकडचं एक मोठं गाव होतं आणि बॅटरी जेमतेम वीस मिनिटांची. काकांनी रांगेतली गावं लगेच हलवली. मालक म्हणाले, बंदच करा, उद्या परत चालवू.

"साहेब, घास हाय तोंडात," काका म्हणाले.

साहेब स्विचकडे निघाले. काका आडवे उभे राहिले. साहेबांनी कामावरून काढायची धमकी दिली. काकांनी तीही पुरी ऐकून घेतली. तेवढ्यात वीज गेली.

मग काकांनी बॅटरीवरचं एकेक बंद करायला सुरुवात केली. आमचे कॉम्प्युटर, प्रिंटर, साहेबांचा टेबलफॅन. शेवटी साहेबांचा कॉम्प्युटर, ज्यावर ते पत्त्यांचा डाव जिंकत आले होते.

"अहो, मध्येच?" साहेब कळवळले.

"पत्त्याला कसला घास," काका म्हणाले.

घामेजलेले साहेब फायलीनं वारा घेत बसले. बॅटरी किंचाळू लागली. शेवटचे चाळीस खातेदार, वीस, पाच. गाव पुरं झालं. काकांनी वहीत नाव लिहिलं, रीतसर बंद केलं आणि पहिल्यांदाच खोलीत शिंकले.

दुपारी वीज आली, साहेब जेवायला गेले. काकांनी मला तेच गाव उघडायला लावलं. एका गट क्रमांकावर थांबवलं. तिथं चार भावांखाली बहिणीचं नाव होतं. काकांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. वारस म्हणून काकांचं नाव लागायला हवं होतं. मी म्हटलं, काका, साधा अर्ज आहे, आत्ता लिहून देतो.

"नको रे. ते लागलं का हिचं जाईल," ते म्हणाले. "कागुद दोनदा भरला मी. दिला नाय."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"नाव वाच जरा मोठ्यानं. चष्मा नाय आणला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी वाचलं.