गिऱ्हाइकं वळणारी गयामाय

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनियरांना आमच्या हट्टा गावात 'वाकडशिंगी' म्हणतात, हे त्यांना माहीत नाही. ते आमच्या बचत गटाची हळद घेतात, दर वेळी 'मागच्यापेक्षा रंग फिका आहे' असा ईमेल करतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा तीच हळद मागवतात. नाव गयामायनं ठेवलं. तिच्या कळपात म्हणे याच स्वभावाची एक मेंढी होती. चारा कुठलाही टाका, आधी त्याला ढुसणी मारायची, मग सगळ्यांच्या आधी संपवायची.

गयामाय आमच्या गटाची अध्यक्ष. वय साठीच्या पुढे, नेमकं किती ते तिलाही ठाऊक नाही. उभा जन्म मेंढरं-शेळ्या वळण्यात गेला. लिहिता येतं ते सहीपुरतं, आणि ती सहीसुद्धा एखादं जनावर बांधून ठेवावं तशी दोन्ही बाजूंनी रेघ ओढून बंदिस्त करते. मी गटाचं कॉम्प्युटरचं काम पाहते. बी.कॉम. झाले, लग्न होऊन हट्ट्यात आले, आणि 'तुला मशीन येतंय ना' एवढ्या एका मुलाखतीवर गयामायनं मला खुर्चीवर बसवलं.

गटातल्या बायकांच्या घरची हळद आम्ही दळतो, पाकिटं भरतो आणि शहरातल्या प्रदर्शनांत विकतो. स्टॉलवर एक वही असते. ज्याला वाटेल त्यानं त्यात आपला ईमेलचा पत्ता लिहून जायचं. अशी साताठशे माणसं जमली होती, आणि मी त्या सगळ्यांना महिन्यातून एकदा एकच पत्र पाठवत होते. 'नमस्कार, ताजी हळद उपलब्ध आहे.' उत्तरं फार तर आठ-दहा यायची.

एका दुपारी गयामाय शेजारी येऊन बसली.

"हे काय करून राहिली?"

"गिऱ्हाइकांना पत्र पाठवते, माय."

"समद्याइला एकच?"

"हो."

तिनं पडद्यावरच्या नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पोरी, गाभन शेळी, लंगडं कोकरू अन् माजलेला बोकड, तिघाइला एकाच हाळीनं कोनी हाकत असतंय काय?"

त्याच महिन्यात हिंगोलीला एक प्रशिक्षण झालं. तिथले सर तरुण होते, बोलायचे छान. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त इंग्रजीतून. गिऱ्हाइकांचे गट पाडा. शहराप्रमाणे, वयाप्रमाणे, कोणी काय घेतलं त्याप्रमाणे. प्रत्येक गटाला वेगळं पत्र लिहा. पहिल्या रांगेत बसलेली गयामाय उठून उभी राहिली.

"सर, हे तर शिंगं अन् खुरं मोजनं झालं. खोड कव्हा पाहायची?"

सर हसून म्हणाले, "ताई, खोडीचा रकाना नसतो."

परतीच्या जीपमध्ये तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. "नसतो म्हंजे काय? आपन पाडू."

पुढचे चार दिवस मी एकेका माणसाचं आलेलं पत्र आणि त्याची मागणी मोठ्यानं वाचत होते, आणि गयामाय डोळे मिटून टकळीवर लोकर कातत ऐकत होती. मधेच टकळी थांबायची आणि निकाल यायचा. सर्वांत लहान पाकीट मागवून पाहणारे 'चाटरे'. त्यांना माल दाखवायचा नाही, भाजीत हळद कधी टाकायची ते सांगायचं. न सांगता दर वर्षी आपणहून येणारे 'वळणाचे'. त्यांना छळायचं नाही. तक्रार करून घेणारे 'वाकडशिंगे'. त्यांना आधी सल्ला विचारायचा. एकदा घेऊन पुन्हा न फिरकलेले 'रुसके'.

"आणि ज्यांनी कधी काही घेतलंच नाही, उत्तरही दिलं नाही, पण पत्र मात्र दर वेळी उघडून बघतात, ते?"

"उघडतेत हे तुला कसं कळलं?"

"कॉम्प्युटर दाखवतो."

तिनं टकळीवर धागा गुंडाळला. "मुके म्हन त्याइला," ती म्हणाली.

कोणी 'माझं नाव काढून टाका' असं लिहिलं की ती मला लगेच काढायला लावी. "दाव्याला बांधून दूध निघतंय, जीव लागत न्हाई," म्हणायची. एवढ्यानं भागत नसे. जाणाऱ्याला 'सुखी राहा' असं लिहून पाठव, असा तिचा हट्ट असायचा. मी एकदाही पाठवलं नाही, आणि तिनं एकदाही विचारायचं सोडलं नाही.

घोटाळा झाला तो उन्हाळ्यात. शहरातली घरं वर्षाची हळद भरतात ते दिवस. गटातल्या बायकांनी आपापल्या घरची हळद आणून टाकली होती, गोदामात उभं राहायला जागा नव्हती, आणि मागणी थंड होती. गयामायनं रुसक्यांसाठी पत्र सांगितलं, मी शब्दही न बदलता उतरवलं. 'तुमी आमच्यावर रुसले हे आमाला कळलं. आमचं काय चुकलं ते सांगा. सांगायचं नसंल तर नका सांगू, पन घरातली हळद संपली का तेवढं पाहा. तुमची, गयाबाई.'

आणि ते मी चुकून सगळ्यांना पाठवलं.

माझ्या हे लक्षात येईपर्यंत चार उत्तरं आली होती. गटातल्या बायकांना कळलं तसा एकच गिल्ला झाला. चांगल्या गिऱ्हाइकांना रुसके म्हणून ठेवलं, आता हळद काय नदीत टाकायची, असं त्या म्हणू लागल्या. त्यांचंही बरोबर होतं, माल त्यांच्या घरचा होता.

गयामाय शांत होती. "काय म्हनतेत लोकं, वाच."

मी वाचू लागले. नाशिकच्या एक बाई: 'अहो, रुसेन कशाला, लेकीच्या बाळंतपणाला गेले होते.' लातूरचे एक शिक्षक: 'मागच्याच आठवड्यात पाव किलो घेतली, तरी तुमचा गैरसमज झाला असेल तर आणखी एक किलो पाठवा.' नागपूरच्या एका प्राध्यापकांनी एकच ओळ लिहिली होती: 'ही गयाबाई कोण, असं माझी बायको विचारते आहे. कृपया तिला सविस्तर कळवावे.' आणि कोथरूडहून: 'मी रुसलेलो नाही. रंग फिका आहे, एवढंच म्हणालो होतो. दोन किलो.'

दहा दिवसांत गोदाम रिकामं झालं. त्या प्राध्यापकांच्या पत्नीला मी गयामायचा फोटो पाठवला. त्यानंतर त्याच आमच्या पक्क्या गिऱ्हाईक झाल्या.

मला वाटलं, हीच युक्ती पुढच्या महिन्यातही चालवू. गयामायनं मान हलवली. "लांडगा आला म्हनून एकदाच वरडावं, पोरी."

ही गोष्ट हिंगोलीपर्यंत गेली आणि ते प्रशिक्षणाचे सर मुद्दाम आमचं काम बघायला आले. मी त्यांना याद्या दाखवू लागले. 'मुके' या नावावर त्यांची नजर थांबली आणि कान लाल झाले.

"हे मुके तुम्ही नेमके कोणाला पाठवता?"

"जे कोणी काही बोलत नाहीत त्यांना, सर."

"अच्छा, तसे मुके." ते घाईनं पाणी प्यायले. मग सल्ला दिला की ही यादी काढून टाका, यातून काही निष्पन्न होत नाही, उगाच ओझं.

"काहून?" गयामाय म्हणाली. "बोलत न्हाईत म्हून हाकलून द्यायचं? वाचून राहिलेत ना? मंग राहू द्या."

सरांचा सल्ला खरं तर मलाही पटला होता. कारण मुक्यांसाठी ती जे पत्र सांगायची त्यात हळदीचं नावही नसायचं. 'आज हट्ट्यात आभाळ आलंय. तुरीला फुलं लागलेत. शेजारची भुरी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोनी पाटी. आमी जेवलो. तुमी जेवून घ्या.' एवढंच. मी कुरकुरत टाइप करायची. एकाचंही उत्तर कधी आलं नाही.

थंडीत तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरात ती एकटीच, म्हणून डोळ्यात औषध घालायला मी रोज जात असे. तिचा मुलगा बाळू हैदराबादला असतो, एवढं मला माहीत होतं. त्याला मेंढरं विकून गाडी घ्यायची होती, ही विकू देईना, म्हणून तो भांडून निघून गेला. मग तिनं आपणच कळप विकला आणि तसा निरोप धाडला. तरी तो आला नाही. गावात म्हणत, माय-लेकांचं बोलणं बंद आहे.

तिसऱ्या दिवशी औषध घातल्यावर तिनं उशीखालून फोन काढून माझ्या हातात दिला. "बाळूचं नाव काढ अन् ते बोलायचं बटन दाबून धर."

मी धरलं. काळा चष्मा लावलेली गयामाय भिंतीकडे तोंड करून बोलली, "बाळू, आज ऊन चांगलं हाय. डोळ्याला तकलीफ न्हाई. शेजारच्या गाईला कालवड झाली. मी जेवले. तू जेवून घे."

निरोप गेला. मी पडदा वर सरकवला. रोजचा एक, असे तिचेच निरोप खाली खाली उतरत गेले होते. त्याच्याकडून एकही नव्हता. पण तिच्या आधीच्या प्रत्येक निरोपापुढं दोन निळ्या खुणा होत्या.

"रोज माझी मीच पाहत असते," ती म्हणाली. "आता दिसत न्हाई. तू पाहून सांग, निळं झालं का."

"अजून नाही, माय."

"कामावर असंल. जरा दम धर."

मी चहा टाकला. तो उकळेपर्यंत दोनदा फोन पाहिला. खुणा करड्याच होत्या. कपबशी तिच्यापुढं ठेवली आणि तिसऱ्यांदा पाहिलं.

"झालं, माय. निळं झालं."

तिनं हातानं चाचपत बशी ओढून घेतली.

"मंग जेवला असंल," ती म्हणाली, आणि चहावर फुंकर घातली.